जुळलेलं पुस्तक

संशय हा माझा स्वभाव. घरी दूध आलं की भांड्यात आधी लॅक्टोमीटर सोडायचा, मगच गॅसवर ठेवायचं, असा आमच्याकडे नियम होता. भिंतीवरचं घड्याळ मी रोज रेडिओच्या बातम्यांशी ताडून बघायचो, आणि फरक पडला तर आधी रेडिओवर संशय घ्यायचो. बायको म्हणायची, "तुम्ही आपली पत्रिकासुद्धा दोन ज्योतिषांकडून तपासून घेतली असेल." तिचं चुकत होतं. तीन ज्योतिषांकडून घेतली होती, आणि तिघांचं एकमत झालं तेव्हा तर मी जास्तच घाबरलो होतो.

साठच्या दशकात मी नागपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात सर्व्हे शिकवत होतो. पुढे प्राध्यापक झालो, विभागप्रमुख झालो, प्राचार्य झालो, आणि सत्तरचं दशक सरता सरता कुलगुरू. सत्काराच्या सभांमध्ये वक्ते माझ्या विद्वत्तेबद्दल बोलायचे. मी हार घालून बसलेलो असायचो आणि मनात विचार करायचो, याला माझ्याकडून काय हवंय? कारण विद्वत्ता माझ्याकडे बेताचीच होती. माझं नाव झालं ते हा माणूस फसत नाही म्हणून.

ते नाव नागपूरजवळच्या वाडीला झालं. अमरावती रोडवर तेव्हा ट्रान्सपोर्टवाल्यांची गोदामं भराभर उठत होती. स्लॅब ओततात तेव्हा त्याच काँक्रीटचे काही ठोकळे बाजूला भरून ठेवतात आणि अठ्ठावीस दिवसांनी यंत्रात दाबून फोडतात, म्हणजे स्लॅब किती मजबूत आहे ते कळतं. एका ठेकेदाराने असे सहा ठोकळे आमच्या प्रयोगशाळेत आणले. सहाही जवळजवळ एकाच भाराला फुटले. सहकारी म्हणाले, वा, उत्तम काम. माझ्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकली. एका घमेल्यातले सहा ठोकळे इतके सारखे कधी फुटत नाहीत. मी सायकल काढली, वाडीला गेलो, स्लॅबवर चढलो आणि हातोडी मारली. दुसऱ्या ठोक्याला वाळू गळायला लागली. ठोकळ्यांचा माल वेगळा आणि स्लॅबचा वेगळा होता. ठेकेदाराने मला हिंदीत आणि मराठीत अशा दोन्ही भाषांत शिव्या घातल्या, मालकाने स्लॅब उतरवला, आणि मी एक धडा घेऊन घरी आलो: जे फार जुळतं, ते खोटं असतं. पुढची कितीतरी वर्षं मी तो धडा दिसेल तिथे लावत गेलो.

सर्व्हेचं काम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका खुंटीपासून निघायचं, साखळीने अंतरं आणि दुर्बिणीने कोन मोजत जमिनीला फेरी घालायची आणि परत त्याच खुंटीवर यायचं. मग कागदावर आकृती काढायची. शेवटची रेघ पहिल्या खुंटीला मिळायला हवी, पण ती नेमकी मिळत नाही. साखळी उन्हाने लांबते, डोळा चुकतो, खुंटी हलते. थोडी फट राहते. तिला क्लोजिंग एरर म्हणतात. फट ठराविक मर्यादेत असली की काम पास.

मोजलेलं सगळं जागच्या जागी एका छोट्या फील्ड बुकात लिहायचं असतं आणि तिथे एक कडक दंडक असतो. खोडरबर चालत नाही. आकडा चुकला तर त्याच्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला सही करायची. चूक झाली आणि ती कबूल केली, हे पुस्तकात कायमचं दिसलं पाहिजे. हा दंडक माझा नाही, तो सगळीकडे आहे आणि चांगला आहे. त्याला शेपूट जोडलं ते मी. सात दिवस उन्हातान्हात हिंडलेलं पुस्तक मळलेलंच असणार. जे स्वच्छ असेल ते तंबूत बसून बनवलेलं. आणि एरर शून्य आली तर मार्कही शून्य. "देवाची साखळीसुद्धा जुळत नाही," असं मी वर्गात म्हणायचो. पोरं हसायची आणि वहीत लिहून घ्यायची. मला वाटायचं, त्यांना पटलं.

आमचा कॅम्प दरवर्षी उमरेडच्या बाजूला एका बरडावर असायचा. बरड म्हणजे पीक न येणारी, तांबड्या मुरमाची, खडे टोचणारी जमीन. आठ-दहा तंबू, एक ट्रक, पन्नासेक विद्यार्थी, मी, आणि आमचा खलाशी. खलाशी म्हणजे साखळी ओढणारा, खुंट्या ठोकणारा, झेंडी धरणारा माणूस. तो माझ्याच वयाचा होता आणि दरवर्षी तोच असायचा. पोरांकडून बिड्या घेऊन हा त्यांना मदत करतो, असा माझा संशय होता. पुरावा नव्हता. मी त्याला दिवसातून दोनदा साखळीच्या कड्या मोजायला लावायचो, म्हणजे तो कामात राहील.

त्या वर्षी वर्गात उमरेडचाच एक मुलगा होता. वडील हातमागावर लुगडी विणायचे. मुलगा कमी बोलायचा, समोर बघून बोलायचा नाही, आणि मला तर माहीतच होतं की जो नजरेला नजर देत नाही त्याच्या मनात काहीतरी असतं. कॅम्पच्या शेवटच्या सकाळी पुस्तकं जमा झाली. तंबू उतरले होते, ट्रक भरत होता. मी खाटेवर बसून एकेक पुस्तक चाळत होतो. याचं पुस्तक हातात आलं आणि मी थांबलो. पानं कोरीच वाटावीत इतकी स्वच्छ. अख्ख्या पुस्तकात फक्त एका आकड्यावर रेघ. आणि शेवटच्या पानावर एरर: शून्य.

मी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं.

"हे कधी बनवलंस?"

"बनवलं नाही, सर. मोजलं."

"सात दिवसांत एकच चूक?"

"मी प्रत्येक अंतर जाताना एकदा मोजलं आणि परत येताना एकदा. दोन्ही सारखं आलं की मग पुस्तकात लिहिलं."

"आणि एरर शून्य कशी आली?"

"ते मला नाही सांगता येणार, सर. आली."

पोरांमध्ये कोणीतरी फिसकन हसलं. मुलाचे कान लाल झाले. तो म्हणाला, "खुंट्या अजून तिथंच आहेत, सर. पुन्हा मोजून दाखवतो. तुम्ही सोबत चला."

"ट्रक उभा आहे. वेळ नाही."

बाजूला खलाशी साखळी खांद्यावर टाकून उभा होता. तो पुढे येऊन म्हणाला, "सायेब, मी म्हणतो का..."

"तू साखळी मोज," मी म्हटलं.

मग मी ते पुस्तक मधोमध फाडलं. दोन तुकडे एकावर एक ठेवून पुन्हा फाडलं. आज हे लिहितानाही मला लाज वाटते. तेव्हा मात्र छाती फुगली होती. त्याच सकाळी दुसऱ्या एका विद्यार्थ्याचं पुस्तक मी हातात उंच धरलं. चिखलाचे डाग, वरणाचा पिवळा ओघळ, पानोपानी रेघा मारलेले आकडे, बाजूला सह्या, आणि एरर कशी अगदी मर्यादेच्या आत. "याला म्हणतात पुस्तक," मी म्हटलं. "हा माणूस खरोखर रानात गेला होता."

विणकराचा मुलगा सर्व्हेत नापास झाला. त्याचं एक वर्ष गेलं. पुढच्या वर्षी तो पुन्हा कॅम्पला आला, सगळ्यांसारखं मळलेलं पुस्तक देऊन पास झाला. तेव्हा मी मनात म्हटलं, बघा, सुधारला. तो पदवी घेऊन कॉलेज सोडून जायला निघाला तेव्हा मी विभागप्रमुख झालो होतो. दाखल्यावर वागणुकीच्या रकान्यात शेरा मी लिहायचो. इतरांना मी 'चांगली' असा एक शब्द लिहून मोकळा व्हायचो. त्याच्या दाखल्यावर मी इंग्रजीत सहा-सात शब्द लिहिले. मराठीत त्यांचा अर्थ होता: कामातील सचोटी संशयास्पद. मूळ दाखला नोकरीच्या प्रत्येक ठिकाणी दाखवावा लागतो, हे मला माहीत होतं. म्हणूनच तर लिहिलं.

मळलेलं पुस्तक मी ठेवून घेतलं. काचेच्या कपाटात ठेवलं आणि दरवर्षी नव्या पोरांना दाखवत राहिलो. ते लिहिणारा विद्यार्थी पुढे माझ्याच हाताखाली लेक्चरर झाला, मग विद्यापीठाच्या तंत्रविभागाचा प्रमुख. जगात तोच एक माणूस असा होता की ज्याच्या सहीखाली मी न वाचता सही करायचो.

कुलगुरू झाल्यावर माझ्या संशयाला मोकळं रान मिळालं. सकाळी बंगल्याच्या फाटकाशी माणसं उभी असायची. कोणाच्या हातात संत्रा बर्फीचा डबा, कोणाच्या हातात मंत्र्याची चिठ्ठी, कोणी नुसतंच "दर्शनाला आलो." डबे मी फाटकावरूनच परत पाठवायचो. चिठ्ठ्या फायलीला लावून ठेवायचो, म्हणजे पुढे कोणी विचारलं तर पुरावा असावा. ड्रायव्हर कोणाशी बोलतो, शिपाई कोणाच्या गावचा, टेलिफोनवर मध्येच खट् असा आवाज का येतो, सगळ्याकडे माझं लक्ष. बायको एकदा वैतागून म्हणाली, "तुमच्याशी खरं बोलायचं म्हणजे सोबत दोन साक्षीदार आणायला हवेत." मी हसलो, पण त्या बंगल्यात माझ्याकडे काम नसताना कोणी येत नव्हतं, हे मला टोचायचं. काम नसताना आलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारायचो, "काय काम काढलंत?" मग तो कशाला येतोय परत!

दुसऱ्या वर्षी तंत्रविभागात सर्व्हे शिकवायला एक लेक्चररची जागा निघाली. अर्जांची फाईल प्रमुखाच्या टिपणासह माझ्याकडे आली. तिसरा अर्ज बघितला आणि मी चष्मा पुसला. उमरेडचा तोच मुलगा. आता चाळिशीकडे आलेला. बारा वर्षं कोळशाच्या खाणीत सर्व्हेअर, तोही हंगामी; कायम कधी झालाच नाही. सोबत मूळ दाखल्याची प्रत आणि तिच्यावर माझं अक्षर. प्रमुखाने टिपणात लिहिलं होतं: 'दाखल्यावरील शेरा पाहावा.'

मी फाईल उलटीपालटी केली. हा कशासाठी आला असेल? माझी ओळख विसरला? शक्य नाही. सूड घ्यायला आला? की मागे कोणी मोठा माणूस उभा आहे? मी शिफारशीची चिठ्ठी शोधली. नव्हती. बाकी सगळ्या अर्जांना होती, यालाच नव्हती. म्हणजे मागचा माणूस इतका मोठा असणार की त्याला चिठ्ठीची गरजच नाही. असा माझा तर्क. मुलाखत मंगळवारी ठरली.

रविवारी सकाळी फाटकावरून निरोप आला की कॉलेजचा जुना खलाशी भेटायला आला आहे. तो केव्हाच निवृत्त झाला होता. मुलीच्या लग्नाची पत्रिका आणि अक्षता घेऊन आला होता. मी त्याला आत बोलावलं. खुर्चीवर बसायला तो तयार नव्हता, बसला तो टोकावर. बोलता बोलता त्याची नजर बंगल्यावर आणलेल्या त्या काचेच्या कपाटाकडे गेली आणि तो हसला.

"हे पुस्तक अजून हाय का जी?"

"का? त्यात हसण्यासारखं काय आहे?"

"काही नाही जी. त्याले माती मीच आणून देल्ली होती."

"कसली माती?"

"जाऊ द्या न जी. लग्नाच्या टायमाले जुनं काहून काढाचं."

"नाही, बोल."

त्याने एकदा दाराकडे बघितलं. "तुमचा धाक होता न जी. साफ पुस्तक देल्लं का सायेब फेल करते, असं सारे पोट्टे म्हणत होते. मंग कॅम्पाले याच्या आंधीच हॉस्टेलवर पुस्तकं मळवून ठेवत. मले म्हणत, काका, चिखल आणून द्या. मी हॉस्टेलच्या मांगून टोपलंभर आणून देत होतो. बसत सारे पुस्तकाले चोपडत. वरण बी तिथलंच, मेसचं."

"आणि पुस्तकातल्या चुका?"

"त्या वाटून घेत होते जी. तुह्यी एवढी, माह्यी एवढी. झाडाखाली बसून लिहून राहिले होते सारे. रानात कोण फिरते?"

मी विचारलं, "आणि तो उमरेडचा?"

"त्यानं नाही लावली माती. तो म्हणे, काका, आमच्या घरी सुताले डाग लागला त बाप हातात काठी घेते. मी पुस्तकाले आपल्या हातानं डाग काहून लावू?" खलाशाने गुडघे चोळले. "त्याच्यासंगं साखळी मीच धरली होती जी. जाताना एक डाव, येताना एक डाव. सात दिवस. माह्ये पाय सुजले होते. दुसऱ्या कोनत्या पोट्ट्यानं मले एवढं नाही पिदाडलं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस मला?"

"सांगत होतो न जी," तो म्हणाला. "तुमी म्हणले, तू साखळी मोज."

यानंतर मला खरं म्हणजे त्याचे पाय धरावेसे वाटायला हवे होते. पण माझं डोकं दुसरीकडेच धावलं. मंगळवारी मुलाखत, आणि हा रविवारी येतो? इतक्या वर्षांनी? कुठेतरी पाणी मुरतंय. मी विचारलं, "तुला माझ्याकडे कोणी पाठवलं?"

तो उठला. पत्रिका टेबलावर नीट सरळ करून ठेवली. "पोरीनं पाठवलं जी. लग्नाले या," म्हणाला, आणि चहा येण्याआधी निघून गेला. बायको कपबशी घेऊन बाहेर आली तेव्हा खुर्ची रिकामी होती. तिने माझ्याकडे जे बघितलं ते मी अजून विसरलेलो नाही.

मी कपाट उघडून पुस्तक काढलं. खिडकीशी उजेडात धरलं. डाग काळा होता. वाटीत पाणी मागवलं, डागाच्या कडेला थेंब सोडला आणि माती बोटांत चोळली. गुळगुळीत, चिकट, काळीभोर माती. नागपुरात आमच्या वसतिगृहाच्या मागे होती तशी. बरडावर मुरूम होता, तांबडा, खरखरीत. त्या जमिनीवर सात दिवस फिरलेल्या पुस्तकावर काळा चिखल कुठून येणार? आणि बोटांत चोळून माती ओळखायला पोरांना शिकवणारा मीच. काचेतून रोज दिसणारा तो डाग मी वर्षानुवर्षं कौतुकाने दाखवत होतो. दुधात लॅक्टोमीटर सोडणाऱ्या माणसाने या पुस्तकावर पाण्याचा एक थेंब कधी सोडला नव्हता. बायको म्हणाली, "रोजच तर बघता. आज काय नवीन दिसलं?" मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "आणि तो बिचारा चहासुद्धा न घेता गेला."

सोमवारी मी तंत्रविभागाच्या प्रमुखाला कार्यालयात बोलावलं आणि पुस्तक त्याच्यापुढे ठेवलं. "ही माती कुठली?"

त्याने पुस्तक ओळखलं. हळूच म्हणाला, "हॉस्टेलच्या मागची, सर. सगळेच लावायचे."

"आणि या रेघा, या सह्या?"

"तुम्हाला आवडायचं, सर."

मला राग यायला हवा होता. आलाही, पण त्याच्यावर नाही. खोट्या चुका करायला या पोरांना शिकवलं कोणी? मीच तर दरवर्षी हे पुस्तक दाखवून शिकवत होतो की खोटेपणा करायचा तर असा करा. मी त्याला एवढंच विचारलं, "त्या मुलाचं पुस्तक खरं होतं, हे तुला ठाऊक होतं?" तो म्हणाला, "आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं." मग म्हणाला, "पण तुम्ही फाडल्यावर कोण बोलणार, सर?"

मंगळवारी मुलाखत झाली. समितीत बाहेरून आलेले एक तज्ज्ञ होते, प्रमुख होता आणि अध्यक्ष मी. तो आत आला. कानशिलावर केस पांढरे झाले होते. नमस्कार करताना त्याने सरळ माझ्याकडे बघितलं. तज्ज्ञांनी खाणीतल्या कामाबद्दल विचारलं. त्याने सांगितलं की जमिनीखाली दोन बाजूंनी दोन बोगदे खणत आणायचे होते आणि मध्ये ते एकमेकांना मिळायचे होते. वरून काही दिसत नाही, फक्त मोजमापावर भरवसा.

"मिळाले?" तज्ज्ञांनी विचारलं.

"मिळाले, सर."

"फरक किती पडला?"

त्याने अंगठ्याचं पेर दाखवलं. "एवढा."

तज्ज्ञ खूश झाले. थट्टेने म्हणाले, "शून्यच का नाही?"

"शून्य एकदाच आलं होतं, सर," तो म्हणाला. "तेव्हा माझं एक वर्ष गेलं."

तज्ज्ञांना काही कळलं नाही. प्रमुख समोरच्या कागदाकडे बघत होता. त्याच वेळी मी बोलायला हवं होतं. अध्यक्षाच्या खुर्चीवरून, दोघांच्या समोर, चार वाक्यं. मी विचारलं, "रुजू कधी होऊ शकाल?" बस. निवड एकमताने झाली, शेऱ्याचा विषय कोणी काढला नाही, आणि घरी जाताना गाडीत मी स्वतःला सांगितलं की फिटलं आता. स्वतःच्या या बोलण्यावर मात्र मी संशय घेतला नाही.

रुजू व्हायच्या दिवशी तो माझ्या कार्यालयात आला. हातात कातडी पिशवी. तिच्यातून त्याने मूळ दाखला काढला. घड्यांवर फाटू लागलेला, मागून पट्टी चिकटवलेला. किती टेबलांवर तो उलगडला गेला असेल ते त्या घड्यांवरूनच कळत होतं.

"सर, नोकरी मिळाली. आता हा एवढा शेरा."

"त्याची काळजी करू नको," मी घाईघाईने म्हटलं. "कॉलेजला सांगून तुला नवा दाखला देतो. कोरा करकरीत."

"नवा नको, सर."

"का?"

"कोरा करकरीत दाखला बघून उद्या तुमच्यासारखंच कोणी म्हणेल, हा बनवलेला आहे." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून मला तो जास्त लागला. "तुम्हीच शिकवलंत. खोडायचं नाही. एक रेघ मारायची, वर बरोबर लिहायचं आणि सही करायची."

मी पेन उघडलं. माझ्या त्या इंग्रजी शब्दांवर मी एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. वर जागा थोडी होती. मी मराठीत लिहिलं: 'नोंद चुकीची. पुन्हा मोजून पाहिलं नाही. चूक माझी.' बाजूला सही केली. इतक्या वर्षांत असंख्य पोरांच्या रेघा आणि सह्या मी तपासल्या होत्या. स्वतःची अशी ही पहिलीच.

त्याने दाखला उचलला, शाईवर फुंकर घातली, वाचला. "मराठीत लिहिलंत ते बरं केलं," तो म्हणाला. "बाबांना इंग्रजी येत नव्हतं."

"आता दाखव त्यांना," मी म्हटलं.

"बाबा गेल्या वर्षी गेले, सर." तो पट्टी लावलेली घडी जपून घालत होता. "खाणीतल्या एका बाबूने त्यांना हे वाचून दाखवलं होतं, मी नसताना. त्यानंतर ते मला काही बोलले नाहीत. दहा वर्षं. शेवटच्या आजारात एक दिवस म्हणाले, 'आता तरी सांग गा, तिथं काय केलं होतं तू?' मी म्हटलं, मोजलं होतं, बाबा. नीट मोजलं होतं."

"मग?"

"त्यांनी मान हलवली. पटलं म्हणून हलवली, की आता काय बोलायचं म्हणून, ते मला कळलं नाही."

दाखला पिशवीत ठेवून, नमस्कार करून तो वर्गावर गेला. पहिला तास होता त्याचा. पुन्हा मोजून दाखवतो, तुम्ही सोबत चला, असं तो मला बरडावर म्हणाला होता. खुंट्या जागेवर होत्या, साखळी खलाशाच्या खांद्यावर होती. पोरांना ट्रकमधून पुढे पाठवून मी मागे थांबू शकलो असतो. अर्ध्या दिवसाचं काम होतं.